दातावरची तार आणि अम्मीची शंका

"मॅडम, तार बसवताना दातावर अ‍ॅसिड लावतात म्हणे! मग दात टिकणार कसा?" पालकसभेत एका विद्यार्थिनीच्या अम्मीने आम्हाला विचारले. मुलीच्या एका दातावरचा ब्रॅकेट निघाला होता. अब्बू खर्चावरून रागावतील या भीतीने तिने पंधरा दिवस कोणालाच सांगितले नव्हते.

अम्मीची काळजी रास्त होती, पण धोका दुसरीकडेच होता.

दातावरचे कवच, म्हणजे इनॅमल, गुळगुळीत असते. त्यावर सहसा काही चिकटत नाही. म्हणून पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी बसवत. १९५५ मध्ये अमेरिकेतील मायकेल ब्युओनोकोर यांनी नवी वाट दाखवली. कारखान्यांत रंग नीट बसावा म्हणून धातूला आधी फॉस्फोरिक अ‍ॅसिड लावत. तेच त्यांनी दातावर वापरून पाहिले.

आज सुमारे ३७ टक्क्यांचे अ‍ॅसिड १५ ते ३० सेकंद लावतात आणि धुऊन टाकतात. दात वाळवला की तेवढी जागा खडूसारखी पांढरी दिसते. तिथे डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे पडलेली असतात. पातळ रेझिन त्यांत शिरते आणि निळ्या प्रकाशाने कडक होते. गिलावा धरावा म्हणून गवंडी भिंत खरबरीत करतो, तसेच हे. मात्र लाळ लागली तर पकड कच्ची राहते.

ही पकड बेताचीच ठेवतात. घास चावताना टिकावी, पण उपचार संपल्यावर दाताला इजा न होता सुटावी. म्हणून चिक्की, बर्फ, खजुराची बी दाताखाली आली की ब्रॅकेट निघू शकतो.

खरे भय दुसऱ्या अ‍ॅसिडचे. ब्रॅकेटभोवती अन्न अडकते, जंतू त्यातल्या साखरेपासून अ‍ॅसिड बनवतात. डॉक्टरांचे अ‍ॅसिड अर्ध्या मिनिटात धुतले जाते. हे मात्र रोज पुन्हा पुन्हा तयार होते. तार निघाल्यावर दातावर पांढरे डाग उरतात, ते यामुळेच. इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात. झिजलेले कवच पुन्हा उगवत नाही.

म्हणून इफ्तारच्या शरबत-मिठाईनंतर रात्री झोपण्यापूर्वी आणि सहरीनंतर वेळ संपण्याआधी, फ्लोराइडच्या पेस्टने ब्रॅकेटच्या वर-खाली ब्रश फिरवावा.

आणि ब्रॅकेट निघालाच, तर मुलांना ते त्याच दिवशी सांगता यावे, इतका मोकळेपणा घरात असू द्या. आमच्या विद्यार्थिनीचा ब्रॅकेट पुन्हा बसला. अब्बू स्वतःच तिला घेऊन गेले होते.