फुलराणीची भाषा

पनवेलच्या बाजारांत मासळी किंवा भाजी विकावयास बसणारी बाई पुष्कळदां आगरी बोलते. तिच्याशीं भाव करणारें सुशिक्षित गिऱ्हाईक घरीं परतल्यावर कधीं कधीं तिच्या बोलण्याची नक्कल करतें आणि घरांतील मंडळी हंसतात. या हंसण्यांत दुष्टपणा असतोच असें नाहीं. परंतु आपली भाषा ती शुद्ध व तिची ती अशुद्ध, हा निवाडा त्यांत गृहीत धरलेला असतो. श्रोते हो, ज्या अभिनेत्रीविषयीं आज मी बोलणार आहें, त्यांनीं आपली सर्वांत गाजलेली भूमिका याच हंशावर उभी केली आणि शेवटीं त्या हंशाला विचार करावयास लावलें. त्या म्हणजे भक्ति बर्वे.

भक्तिबाईंचा जन्म १९४८ सालचा. सुधा करमरकर यांच्या ‘लिटल थिएटर’च्या बालनाट्यांतून त्या रंगभूमीवर आल्या. बालप्रेक्षकांसारखा कठोर परीक्षक दुसरा नाहीं. मुलें भिडेखातर स्तब्ध बसत नाहींत. शब्द अस्पष्ट झाला कीं तीं आपसांत बोलूं लागतात. पुढें १९७२ सालीं मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालें आणि तेथें भक्तिबाई निवेदिका व वृत्तनिवेदिका म्हणून घरोघरीं परिचित झाल्या. वृत्तनिवेदन म्हणजे प्रमाण उच्चारांची रोजची परीक्षाच होय.

अशा या निवेदिकेच्या वांट्यास १९७५ सालीं पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ आली. बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकाचें हें मराठी रूप. नांव मात्र बालकवींच्या ‘फुलराणी’ या कवितेची आठवण देणारें. शॉचा ध्वनिशास्त्रज्ञ प्राध्यापक लंडनमधील एका फुलें विकणाऱ्या मुलीला उमराव स्त्रीप्रमाणें बोलावयास शिकविण्याची पैज मारतो. ही कथा मराठींत आणण्यांत एक मोठी अडचण होती. लंडनमधील गरीब वस्तीच्या उच्चारांचें भाषांतर होऊं शकत नाहीं. त्यांच्या जागीं आपल्या समाजांतील उंचनीच जींतून ऐकूं येईल अशी बोली योजावी लागते. पुलंनीं ती योजिली. आपल्याकडे नुसता ‘न’ आणि ‘ण’ यांतील फरक कानीं पडतांच बोलणाऱ्याचें गांव, जात आणि शिक्षण यांविषयीं तर्क सुरू होतात. त्यामुळें शॉचा विषय थेट मराठी घराच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला.

मंजुळेची भूमिका भक्तिबाईंनीं केली. प्राध्यापकाच्या भूमिकेंत सतीश दुभाषी होते. या कामांतील मर्म असें कीं, एकाच गळ्यांतून भाषेच्या तीन अवस्था बोलून दाखवाव्या लागतात. प्रथम मोकळी, ठसकेबाज बोली. मग उच्चार नवे परंतु मन जुनें, अशी अवघडलेली भाषा. आणि अखेरीस शिकलेली असूनहि स्वतःची झालेली भाषा. पहिल्या अवस्थेंत नटीनें केवळ नक्कल केली, तर प्रेक्षक मंजुळेला हंसतील आणि पुढील सारें नाटक पोकळ होईल. भक्तिबाईंनीं त्या बोलीला तिची लय, तिचा राग आणि तिचा स्वाभिमान दिला. प्राध्यापकाला धडा शिकविण्याचे बेत मंजुळा एकटीच बोलून दाखविते, तें स्वगत महाराष्ट्रांत अतिशय गाजलें. त्यांत धमकी आहे, स्वप्नरंजन आहे आणि त्यांच्या तळाशीं अपमान झालेल्या मुलीचें दुःख आहे. हें दुःख ऐकूं आलें, म्हणजे मंजुळेला हंसणारा प्रेक्षक तिच्या बाजूनें हंसूं लागतो.

विनोदी भूमिका म्हणजे हलकें काम, असा एक समज आपल्याकडे आहे. भक्तिबाईंच्या कारकीर्दीकडे पाहतां तो टिकत नाहीं. ब्रेख्तच्या नाटकावर आधारलेलें चिं. त्र्यं. खानोलकरांचें ‘अजब न्याय वर्तुळाचा’ त्यांनीं विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखालीं केलें. दूरदर्शनवर त्यांनीं बहिणाबाई चौधरींची भूमिका केली. म्हणजे पुन्हां प्रमाण भाषेबाहेरची मराठी आपलीशी केली. अशोक पाटोळे यांच्या ‘आई रिटायर होतेय’ मध्यें घरकामांतून निवृत्त होण्याचें जाहीर करणारी आई त्यांनीं रंगविली. ऐकतांना ही कल्पना गमतीची वाटते; परंतु आपल्या घरांतील आईला सुटी कोणत्या वारीं असते, हा प्रश्न प्रेक्षक घरीं घेऊन जातो. ‘जाने भी दो यारों’ या १९८३ सालच्या हिंदी चित्रपटांतील धूर्त संपादिकाहि त्यांचीच. १९९० सालीं त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचे पति शफी इनामदार हेहि नामांकित नट होते; १९९६ सालीं त्यांचें निधन झालें.

पनवेल हें मुंबईहून पुण्याकडे आणि कोंकणाकडे जाणाऱ्या वाटांचें तोंड आहे. प्रयोग आटोपून अपरात्रीं परतणाऱ्या नाटकमंडळींच्या गाड्या याच वाटांनीं जातात. पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजीं निवर्तले. त्यानंतर बरोबर आठ महिन्यांनीं, १२ फेब्रुवारी २००१ रोजीं, वाईहून मुंबईस परततांना मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर पनवेल तालुक्यांतील भाताण बोगद्याजवळ झालेल्या मोटार अपघातांत भक्तिबाईंचा अंत झाला. त्या वेळीं त्यांचें वय अवघें बावन्न वर्षांचें होतें.

मंजुळा मात्र रंगभूमीवरून गेली नाहीं. सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवि अशा पुढील पिढ्यांतील अभिनेत्रींनीं ती भूमिका केली. प्रत्येकीला पहिल्या अंकांत त्याच कसोटीस उतरावें लागतें: या मुलीच्या बोलीची थट्टा करावयाची, कीं ती बोली तिच्या हक्काची आहे असें मानून बोलावयाची? भक्तिबाईंनीं दुसरी वाट धरली. ती वाट नटींपुरतीच आहे असें नाहीं; भाजीचा भाव करतांना आपणांसहि ती धरतां येईल.