दहा दिवस स्वतःसाठी : विपश्यना शिबिराला जाण्याआधी

कुणी कामं आवरून बसल्या असाल, कुणी भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल. मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक संपली, वह्या मिटल्या आणि एक ताई हळूच म्हणाल्या, "रात्री झोप लागत नाही. डोकं थांबतच नाही. ते इगतपुरीचं शिबिर म्हणतात, तिथं जाऊ का? पण मी गेले तर म्हशीची धार कोण काढणार?" दोन्ही प्रश्न खरे आहेत. मी हे शिबिर केलंय, म्हणून आज त्याविषयी बोलू.

विपश्यना म्हणजे आपल्या आत जे चाललंय ते जसं आहे तसं पाहणं. सत्यनारायण गोएंका ही साधना ब्रह्मदेशात शिकले आणि 1969 मध्ये भारतात येऊन शिकवू लागले. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र 1976 साली सुरू झालं. आता पुणे, कोल्हापूर, नागपूर इथेही केंद्रं आहेत. कुठल्याही जातीधर्माची बाई जाऊ शकते.

पैसे किती लागतात? राहण्या-जेवणाची फी नाही. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर खर्च चालतो. दान देणं न देणं आपल्या मनावर, आणि तेही शिबिर पूर्ण केल्यावरच घेतात. त्यामुळे या शिबिरात जागा देतो म्हणून कुणी आगाऊ पैसे मागितले, तर देऊ नका.

पण तिथं आराम करायला मिळेल, असं समजून जाऊ नका. पहाटे 4 ला घंटा होते. दिवसभरात मिळून जवळजवळ दहा तास बसायचं असतं. सकाळी नाश्ता, 11 ला जेवण, संध्याकाळी नव्या साधकांना चहा आणि थोडं फळ. रात्रीचं जेवण नाही. 7 नंतर प्रवचन आणि साडेनऊला दिवे बंद. फोन जमा करावा लागतो. दहाव्या दिवसापर्यंत आपसात बोलायचं नाही, खुणाही करायच्या नाहीत. अडचण आली तर आचार्यांशी किंवा सेविकांशी बोलता येतं. बायकांची राहण्याची सोय वेगळी असते. अकराव्या दिवशी सकाळी निघायचं, म्हणून घरी सांगताना जाण्यायेण्यासकट बारा दिवस सांगा.

पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास पाहायचा. तो लांबवायचा नाही, रोखायचा नाही. प्राणायामाहून हे वेगळं आहे. मग डोक्यापासून पायापर्यंत अंगावर काय जाणवतंय ते पाहायचं. गुडघा ठणकतो, पाठीला खाज येते. लगेच हात न नेता थोडं थांबून पाहिलं, की ठणका वाढतो आणि कमीही होतो, हे आपलं आपल्याला कळतं. मला तिसऱ्या दिवशी पळून जावंसं वाटलं होतं. घरी आल्यावर राग यायचा थांबला नाही. पण राग येतोय हे तोंड उघडायच्या आधी कळू लागलं. मला मिळालं ते एवढं, आणि ते कमी नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते. शांत राहणं म्हणजे सोसत राहणं नव्हे. घरात मारहाण होत असेल, तर त्यावर ध्यान हा उपाय नाही. अशा वेळी 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा. मनाचा मोठा आजार असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर आधी डॉक्टर. 14416 वर मानसिक आरोग्यासाठी फुकट सल्ला मिळतो. अशा आजारात इतकं लांब शिबिर त्रासाचं ठरू शकतं. म्हणून फॉर्ममध्ये आजार, गोळ्या, गरोदरपण सगळं खरं लिहा. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. आणि जागा पक्की झाल्याचा निरोप आल्याशिवाय गाडीत बसू नका.

आता म्हशीचं. पेरणीला आपण सावड करतोच की! आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. तशीच सावड इथं करता येते. एकीने धार काढायची, दुसरीने पोरांचा डबा द्यायचा. पुढच्या वेळी ती जाईल, तेव्हा आपण. शिबिराची तारीख सुगीचे दिवस टाळून घ्यायची आणि घरच्यांना तारखेसकट आधी सांगायचं.

ज्यांना जाणं जमत नाही, त्यांनी रोज दहा मिनिटं घरी बसावं. पाठ सरळ, डोळे मिटलेले. नाकपुडीशी येणारा जाणारा श्वास पाहा. मन उधारीकडे जाईल, लेकीच्या सासरी जाईल. गेलं म्हणून चिडू नका, परत श्वासावर आणा. पायावर बसवत नसेल तर खुर्चीवर बसा.

त्या ताईंना आम्ही आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. अंगात रक्त कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. शिबिराचा फॉर्मही त्यांनी भरलाय, गोळ्यांची माहिती लिहून. म्हशीची धार काढायचे माझे चार दिवस ठरलेत. तुमच्या गटात असं कुणी आहे का? पुढच्या बैठकीत हिशेब झाला की नुसतं विचारून तरी पाहा.