परसातल्या कोंबड्यांचा चोर

सकाळी खुराडे उघडावे आणि दोन कोंबड्या कमी भराव्यात, की घरात पहिले नाव निघते मुंगसाचे. नाहीतर शेजाऱ्याच्या कुत्र्याचे, आणि मग भांडण. अंड्यांच्या पैशांवर मीठमिरची भागविणाऱ्या बाईचा संताप आपण समजू शकतो. परंतु चोराचे नाव घेण्यापूर्वी त्याने मागे काय ठेवले, ते पाहावे.

अंडी टरफलासकट नाहीशी झाली, तर संशय नागाचा. तो ती सबंध गिळतो. मुंगूस अंडे फोडते, टरफले तेथेच टाकते. रानमांजर कोंबडी उचलून नेते, चार पिसे उरतात. कुत्रा मात्र दिसेल तिला मारतो आणि पुष्कळदा एकही खात नाही! भरदिवसा उघड्यावरचे पिलू गेले, तर बहुधा घार किंवा शिक्रा.

आपण बाजारातून षट्कोनी जाळी आणतो. ती कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवीत नाही. साप तिच्यातून शिरतो, कुत्रा ती फाडतो. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी घ्यावी व तिचा हातभर पट्टा बाहेरच्या अंगास जमिनीखाली आडवा पसरावा. उकरणारा प्राणी भिंतीच्या पायथ्याशीच उकरतो. मागे सरून उकरण्याचे त्याला सहसा सुचत नाही.

विष घालू नये. ते भलताच जीव खातो. शिवाय मुंगूस मारणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. सांडलेले दाणे मात्र रोज संध्याकाळी झाडून काढावेत, म्हणजे उंदीर येत नाहीत, आणि उंदरांमागून येणारा नागही.