शोभा शिवारातून घरात



या व्याख्यानमालेत मी घराच्या सजावटीविषयी बोलणार, हे कळल्यावर एका स्नेह्याने मला विचारले, “अहो, हा विषय व्यासपीठाचा की माजघराचा?” मी म्हटले, माजघराचा आहे, म्हणूनच तो व्यासपीठावर यायला हवा. ज्या घरात आपण आयुष्याची निम्म्याहून अधिक वर्षे काढतो, ते कसे दिसावे, कसे निवावे, त्याच्या अंगणात काय उगवावे, याचा विचार आपण बाजारावर सोपवून मोकळे झालो आहोत. दुकानात प्लास्टिकचे तोरण मिळते, कागदी फुले मिळतात. ती पुण्यातही तीच आणि धुळ्यातही तीच. स्वस्त वस्तू घेणाऱ्याला मी दोष देत नाही. माझे म्हणणे इतकेच की जळगावच्या घराला जळगावची हवा, जळगावची माती आणि जळगावचे पीक माहीत असावे. घराची शोभा त्या ओळखीतून येते.

हे नुसते माझे मत असते तर ते मी तुमच्यापुढे मांडण्याचे धाडस केले नसते. पण या मताची एक मोठी परीक्षा आपल्याच जिल्ह्यात एकदा होऊन गेली आहे. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन फैजपूरला भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. त्याआधीची अधिवेशने शहरांतून भरत. तेथे मंडप, वीज, पाणी, कारागीर सारे हाताशी असे. फैजपूरला काय होते? शेते होती, बांबू होता, गवत होते आणि राबणारे हात होते. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी यांच्यासारखी माणसे गावोगाव हिंडून ते हात गोळा करीत होती.

या नगराची, म्हणजे ‘टिळकनगरा’ची, सजावट करण्यासाठी गांधीजींनी शांतिनिकेतनाहून चित्रकार नंदलाल बसू यांना बोलाविले. त्यांना सांगितलेली गोष्ट साधी होती: गावात जे मिळते त्यातून उभे करा, आणि गावातल्या माणसांच्या हातून उभे करा. नंदबाबूंनी बांबू, गवत, चटया असा माल घेतला आणि त्यातून कमानी, मंडप, दालने उभी राहिली. अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी बैल जोडलेला रथ सजला. प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधीजींनी या रचनेचे श्रेय नंदबाबूंना आणि वास्तुकार म्हात्रे यांना मोकळेपणाने दिले. पुढे १९३८ मध्ये गुजरातेत हरिपुऱ्याला अधिवेशन झाले, त्यासाठी नंदबाबूंनी रंगविलेली खेड्यातल्या जीवनाची चित्रे आज भारतीय कलेच्या इतिहासात मानाने गणली जातात. फैजपूर ही त्या वाटेवरची आधीची पायरी होती.

आता मला विचारायचे आहे ते असे. नंदबाबू फैजपूरला आले तेव्हा त्यांनी खानदेशला काही नवीन शिकविले का? मला वाटते, त्यांनी देशाला ते दाखविले जे आपल्या आया-आज्या रोज करीत होत्या आणि ज्याला कोणी कला म्हणत नव्हते.

आपले जुने धाब्याचे घर घ्या. जाड मातीच्या भिंती, वर लाकडाच्या सऱ्या, त्यांवर काटक्या आणि मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी त्या धाब्यावर खारी माती टाकण्याची पद्धत होती. खारीच का? या मातीत क्षार असतात. ती भिजली की तिचे कण सुटे होऊन बारीक भेगांत जाऊन बसतात आणि पाण्याची वाट बंद होते. काळी माती नेमकी उलटी वागते. ओली झाली की फुगते, वाळली की तडकते. म्हणून भिंतीला लावायच्या काळ्या मातीत भुसा आणि शेण घालून तो चिखल काही दिवस मुरवीत ठेवीत. भुशाचे धागे वाळत्या मातीला धरून ठेवतात आणि भेगा कमी पडतात. हे कोणत्याही पुस्तकात न वाचता आपल्या बायकांना ठाऊक होते. हाताला जे कळत होते, त्याला आपण विद्या म्हटले नाही, एवढाच फरक.

सणांकडे पाहा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी धुळे-जळगावकडे कानबाई बसते. त्याआधी घर झाडून, पोतारून लख्ख होते. देवी म्हणजे एक नारळ. त्यालाच डोळे, नाक, नथ, दागिने लावून मुखवटा साकारतो. चौरंगाभोवती केळीचे खांब, वर छत. सोमवारी देवी पाण्यात जाते. सजावटीतला केळीचा खांब शेतातला, नारळ देवघरातला, वस्त्र पेटीतले. सण सरल्यावर कचरा म्हणून उरते ते गुरे खातात किंवा उकिरड्यात कुजून खत होते. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाई मांडतात, तेव्हा मुली मातीच्या मूर्तीभोवती आपल्या हातांनी आरास करतात. मुलीच्या कलाशिक्षणाची ती पहिली शाळा होती. तिला फी नव्हती आणि प्रमाणपत्रही नव्हते.

असोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या पश्चात, १९५२ मध्ये, पुस्तकरूपाने आली आणि महाराष्ट्र थक्क झाला. सुगरणीच्या खोप्यावर त्यांनी रचलेले गाणे आपणा सर्वांना पाठ आहे. चोच आणि गवताच्या काड्या, याखेरीज त्या पाखराजवळ दुसरे साहित्य नसते. ते घर बहिणाबाईंना दिसले, कारण त्या स्वतः तसेच घर रोज सांभाळीत होत्या.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मातीच्या घराकडे परत चला, असे मी सांगत नाही. मातीच्या भिंतीला वाळवी लागते, धाबे गळते, सारवणाने बाईची कंबर मोडते, आणि ते काम तिच्याच वाट्याला येते. ज्याने पक्के घर बांधले त्याने चांगले केले. पण स्लॅबच्या घरात मे महिन्यात काय होते हे तुम्ही जाणता. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता खाली सोडतो, आणि पंखा गरम वाराच फिरवीत राहतो. म्हणजे घर पक्के झाले, पण जुन्या घराचे शहाणपण मागे राहिले. ते शहाणपण नव्या घरात कसे आणता येईल, हाच आजचा खरा प्रश्न आहे. त्याची चार उत्तरे सांगतो.

पहिले उत्तर सावलीचे. ऊन खिडकीच्या आत पडद्याने अडविण्यापेक्षा भिंतीच्या बाहेर अडविणे केव्हाही चांगले. कारण आत आलेली उष्णता आतच राहते. स्लॅबवर होळीच्या सुमारास चुन्याचा पांढरा हात द्यावा. पांढरा रंग पुष्कळ ऊन परतवितो. पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर अंतर सोडून तुऱ्हाट्यांचा मांडव उभारावा आणि त्यावर वेल चढवावा. ते अंतर महत्त्वाचे, कारण मधून वारा खेळतो. पऱ्हाट्याही वापरता येतील, पण त्यांवरची राहिलेली बोंडे आधी काढून जाळावीत. त्यांत बोंडअळी दडून बसते आणि शेजाऱ्याच्या शेताला त्रास होतो.

दुसरे उत्तर पाण्याचे. आखाजीला आपण नवी घागर भरतो, तिच्यावर डांगर ठेवतो, पितरांचे स्मरण करतो. घरात जुनी घागर पडून असेल तर ती फेकू नका. प्रथम तीत पाणी भरून पाहा. बाहेरून ओलसर झाली तर तिची छिद्रे जिवंत आहेत. ती गळ्यापर्यंत जमिनीत पुरावी, पाणी भरावे, तोंड झाकावे आणि भोवती गिलके, दोडके किंवा कारल्याच्या तीन-चार बिया लावाव्यात. माती वाळेल तसे घागर पाणी सोडते. माती ओली असेल तेव्हा हात आखडते. मुळांना हवे तेवढेच मिळते, वरचे पाणी उन्हात उडून जात नाही. मोरीचे पाणी कर्दळीला आणि अळूला सोडावे. त्यासाठी वेगळे पाणी भरण्याची गरज नाही.

तिसरे उत्तर धुळे जिल्ह्याने दिले आहे. पांझरा नदीच्या काठी शतकानुशतके फडपद्धत चालत आली. बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते. जमिनीचे फड पाडतात. एका फडात सगळे मिळून एक पीक घेतात, पाणी पाळीने फिरते आणि पिकेही फडाफडांतून आळीपाळीने फिरतात. हीच रीत चार हात लांबीच्या परसबागेला लावा. बागेचे चार वाफे पाडा. एकात मेथी-कोथिंबीर, एकात वांगी (भरताचे वांगे तर जळगावचे भूषणच; त्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले), एकात शेंगवर्गातले चवळी-गवारीचे पीक, आणि एक वाफा शेणखत घालून विसाव्याला. पुढच्या हंगामात सगळे एक घर पुढे सरकवा. कुंडी भरताना निव्वळ काळी माती घालू नये, ती दगडासारखी बसते. दोन भाग मातीत एक भाग वाळू आणि एक भाग कुजलेले शेणखत मिसळावे.

चौथे उत्तर हाताचे. रावेर-यावलकडे घड उतरल्यावर केळीचे खांब बांधाबांधावर पडलेले दिसतात. पूर्वी गजरा याच केळीच्या सोपटात गुंफला जाई. खांबाची एकेक साल सोडवून फळीवर ठेवा आणि बोथट पट्टीने तिचा गर खरवडून काढा. उरतात ते धागे. ते सावलीत वाळवा. बाहेरच्या सालींचा धागा जाड, तो दोरीला आणि पायपुसण्याला. आतल्या सालींचा मऊ, तो तोरणाला आणि ताटाखालच्या चटईला. केळीच्या चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, एवढे ध्यानात ठेवून जुनी वस्त्रे नेसून बसावे. जुन्या लुगड्यांची गोधडी आपण शिवतोच. तीच जाड टाक्याची शिवण खिडकीच्या बाहेरच्या पडद्याला घातली, तर तो पडदा अधिक टिकेल.

मित्रहो, या चारही गोष्टींत खर्च नाही म्हणण्याइतका थोडा आहे. पण मी त्या काटकसरीसाठी सांगितल्या नाहीत. विद्या वापरली नाही तर ती एका पिढीत जाते. खारी माती कोणत्या टेकाडावरची आणायची हे सांगणारी म्हातारी गेली की ते टेकाड नुसते टेकाड उरते. आपल्या मुलींना आणि मुलांनाही (सारवण एकट्या बाईच्या पाठीवर टाकण्याचे दिवस संपले पाहिजेत) ही कामे हाताने करू द्या. फैजपूरला एका थोर कलावंताने गावच्या गवताला मान दिला. तो मान बाहेरून यावा लागला, याची थोडी खंत आपण बाळगावी.

आखाजी तोंडावर आली आहे. लेकी माहेरी येतील, झाडांना झोके बांधले जातील. या वर्षी नवी घागर भराल, तेव्हा जुनी घागर दाराशी पुरून ठेवा आणि भोवती गिलक्याच्या चार बिया घाला. पावसाळा उतरताना त्या वेलाची सावली तुमच्या ओट्यावर पडलेली असेल.