अहवाल आला, मुलाचे काय?

नाती आणि न्याय : लेखांक 9

पोटगीचा अर्ज कोण करू शकतो आणि तो कुठे करायचा, हे गेल्या आठवड्यात पाहिले. अशा अर्जाला दिलेल्या जबाबात कधी कधी एक वाक्य असते : 'सदर अपत्य माझे नाही.' त्या वाक्यासरशी खटल्याचा रोख बदलतो. दूध, औषधपाणी, शाळेची फी हे विषय बाजूला पडतात आणि आईच्या चारित्र्याची उलटतपासणी सुरू होते. ज्याच्या पोटासाठी अर्ज केला, ते मूलच पुरावा होऊन बसते.

याबाबतचा मूळ नियम 1872 च्या पुरावा कायद्यातल्या कलम 112 चा. 1 जुलै 2024 पासून तोच भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 116 मध्ये आहे. वैध विवाह टिकून असताना, किंवा तो संपल्यावर आईने पुन्हा लग्न केलेले नसताना 280 दिवसांच्या आत जन्मलेले मूल त्या पतीचेच औरस मूल मानायचे. हे गृहीतक मोडायचे तर गर्भधारणेच्या काळात पतिपत्नींचा एकमेकांशी संबंध येण्याची शक्यताच नव्हती, हे सिद्ध करावे लागते. नुसता संशय पुरत नाही. 'अनौरस' हा शिक्का जन्मभर पुसला जात नसे, त्या काळात कायद्याने मुलाची बाजू घेतली होती.

मग डीएनए चाचणी आली. तिचे काम कसे चालते ते पाहू. प्रत्येक जनुकीय खुणेवर मुलाचे दोन आकडे असतात. एक आईकडून आलेला, एक बापाकडून. समजा, एका खुणेवर मुलाचे आकडे 12 आणि 15 आहेत, आईचे 12 आणि 14. म्हणजे 15 बापाकडूनच यायला हवा. समोरच्या पुरुषाचे आकडे 11 आणि 13 असतील, तर मेळ बसत नाही. एखादी विसंगती उत्परिवर्तनामुळेही येते. म्हणून प्रयोगशाळा अनेक खुणा तपासते आणि बऱ्याच ठिकाणी मेळ तुटला, तरच 'हा जैविक पिता नव्हे' असा निष्कर्ष देते.

ही चाचणी मुलाच्या विरोधातच जाते असे नाही. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतले डॉ. लालजी सिंग यांनी केरळातल्या तलश्शेरीच्या खटल्यात दिलेला डीएनए पुरावा भारतीय न्यायालयांपुढचा पहिला मानला जातो. तिथे पितृत्व नाकारणारा पुरुषच बाप असल्याचे निष्पन्न झाले.

अहवाल नकारार्थी आला तर? एका दांपत्याच्या खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुलीला दरमहा 500 रुपये पोटगी मंजूर झाली होती. नागपूरच्या प्रयोगशाळेने पती जैविक पिता नसल्याचे सांगितले. हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेतल्या फेरतपासणीतही तेच निघाले. जानेवारी 2014 मध्ये न्यायालयाने निकाल दिला : गृहीतक आणि विज्ञानाने सिद्ध झालेले वास्तव यांत संघर्ष असेल, तर वास्तव वरचढ. पतीवरची पोटगीची जबाबदारी संपली. आधी दिलेले पैसे मात्र परत मागता येणार नाहीत, असेही न्यायालयाने सांगितले.

पुण्याच्या एका घटस्फोटाच्या दाव्यात फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळा रस्ता धरला. पत्नीचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी पतीला मुलाची चाचणी हवी होती. कौटुंबिक न्यायालयाने ती मान्य केली, उच्च न्यायालयाने कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. पत्नीशी संबंध येणेच शक्य नव्हते, असे पतीचे म्हणणे नव्हते. व्यभिचाराचा आरोप इतर पुराव्यांनी सिद्ध करता येतो. त्यासाठी वादात पक्षकार नसलेल्या मुलाच्या खासगीपणावर घाला घालता येणार नाही, असे न्यायालयाने ठणकावले. जानेवारी 2025 मध्ये केरळच्या एका खटल्यातही गृहीतकच टिकले. आई दुसऱ्या पुरुषाला बाप म्हणत असली, तरी वैवाहिक संबंध शक्य होते तोवर पतीच कायद्याने पिता, असे न्यायालयाने ठरवले.

म्हणजे आज चाचणीचे दार जपून उघडले जाते. पण ते एकदा उघडले आणि उत्तर 'नाही' आले, की मुलासाठी पुढची वाट आखलेली नाही. आईवर पालनपोषणाची जबाबदारी असतेच. जैविक पित्याकडे पोटगी मागता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 नुसार अनौरस मुलालाही तो हक्क आहे. पण त्या पुरुषाचे नाव कोणी घ्यायचे, ते सिद्ध कोणी करायचे आणि तोवर घर कसे चालायचे? बोट धरून शाळेत सोडणारा माणूस एका अहवालाने कायद्याच्या लेखी परका होतो आणि त्याच्या जागी कोणीच उभे राहत नाही.

इंग्लंडमध्ये 1973 च्या वैवाहिक दाव्यांच्या कायद्यात 'कुटुंबातील मूल' अशी संकल्पना आहे. पतिपत्नींनी आपल्या कुटुंबातले म्हणून वागवलेल्या मुलासाठी, ते रक्ताचे नसले तरी, न्यायालय पोटगी देऊ शकते. त्या पुरुषाने जबाबदारी किती काळ घेतली, मूल आपले नाही हे त्याला तेव्हा ठाऊक होते का आणि दुसऱ्या कोणावर ती जबाबदारी येते का, हे आधी तपासले जाते. फसवल्या गेलेल्या नवऱ्याचे दुःख त्यात नाकारलेले नाही. ते मोजमापात धरले आहे.

आपल्याला अशीच तरतूद हवी आहे. फसवणूक झाली असेल तर नवऱ्याला घटस्फोट मागता येतो, नुकसानीचा हिशेब पत्नीशी मांडता येतो. तो दोन सज्ञान माणसांमधला वाद आहे. त्याची वसुली मुलाच्या ताटातून होता कामा नये. चाचणीचा आदेश देण्यापूर्वी मुलाची बाजू मांडणारा स्वतंत्र प्रतिनिधी न्यायालयाने नेमावा आणि नकारार्थी अहवालानंतरही, दुसरी जबाबदार व्यक्ती निश्चित होईपर्यंत, मुलाचा खर्च थांबू नये. मूल कोणाचे, हे विज्ञान सांगेल. त्याला वाढवायचे कोणी, हे ठरवणे समाजाचे आणि कायद्याचे काम आहे, आणि ते आपण प्रयोगशाळेवर ढकलू शकत नाही.

पुढील आठवड्यात : दत्तक मूल आणि वारसाहक्क.