‘कुठलंही लॉगर चालतं, नंतर कन्व्हर्ट करू’

“रोजचा लॉग ज्याच्यावर ठेवतो त्याच सॉफ्टवेअरवर स्पर्धा खेळतो, आणि संपली की फाइल कन्व्हर्ट करून पाठवतो. लॉग तो लॉगच ना?”

पुणे-लोणावळा पट्ट्यात ज्यांना नुकताच हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना मिळालाय, त्यांच्याकडून ऑक्टोबर जवळ आला की हे वाक्य ऐकू येतंच. बेगडेवाडीत, म्हणजे देहूरोड आणि घोरावाडीच्या मधल्या त्या छोट्या स्टेशनाच्या परिसरात सोसायटीच्या गच्चीवर तार ताणून बसलेला माणूस असो की पुण्यातला, वाक्य तेच. बोलणारा हुशार असतो, बहुतेकदा आयटीतलाच असतो, आणि म्हणूनच फसतो. त्याच्या डोक्यात लॉग म्हणजे डेटा, आणि डेटा एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात जातोच. एरवी ते बरोबर आहे. स्पर्धेत मात्र जो डेटा मुळात टिपलाच नाही, तो कन्व्हर्ट कुठून होणार?

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हौशी रेडिओची स्पर्धा म्हणजे ठरलेल्या शनिवार-रविवारी जगभरच्या परवानाधारकांनी एकमेकांशी जमतील तितके संपर्क करायचे. प्रत्येक संपर्कात कॉलसाइन आणि एक ठरलेला मजकूर, म्हणजे ‘एक्स्चेंज’, द्यायचा आणि घ्यायचा. सगळ्यांत मोठी मानली जाणारी सीक्यू वर्ल्ड वाइड स्पर्धा दोनदा होते: ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी आवाजावर, नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी मोर्सवर. तिच्यात सिग्नलचा अहवाल आणि आपला झोन सांगायचा असतो. या स्पर्धेसाठी जगाचे ४० झोन पाडलेत. महाराष्ट्र २२व्या झोनमध्ये येतो, म्हणून आपण दिवसभर “फाइव्ह नाइन, टू टू” म्हणत राहतो. नंतर सगळ्यांचे लॉग आयोजकांकडे जातात, आणि तिथे संगणक तुमची प्रत्येक ओळ समोरच्याच्या ओळीशी ताडून पाहतो. तुम्ही काय ऐकलं आणि त्याने काय पाठवलं हे जुळलं, तरच गुण.

आता रोजच्या नोंदीचं सॉफ्टवेअर काय करतं ते पाहा. लॉगफोरओएमसारखी ही सॉफ्टवेअरं त्यांच्या कामाला उत्तम आहेत. संपर्काची पोच देणारी क्यूएसएल कार्डं, पुरस्कारांचे हिशेब, समोरच्याचं नाव-गाव हे सगळं ती नीट सांभाळतात. कॉलसाइन टाइप केलं की देश आणि झोनही ती स्वतःच भरतात, देशांच्या यादीवरून किंवा इंटरनेटवरच्या कॉलबुकमधून. इथेच घोळ होतो. झोनच्या रकान्यात जो आकडा दिसतो तो तुम्ही ऐकलेला नसतो, सॉफ्टवेअरने अंदाजाने टाकलेला असतो.

जपान किंवा जर्मनीच्या बाबतीत हा अंदाज चुकायचं कारण नाही. अख्खा देश एकाच झोनमध्ये आहे. अमेरिकेत मात्र कॅलिफोर्निया तिसऱ्या झोनमध्ये, टेक्सास चौथ्या, न्यू यॉर्क आणि फ्लोरिडा पाचव्या. आणि तिथल्या कॉलसाइनमधला आकडा माणूस आज कुठे राहतो हे सांगत नाही. कॅलिफोर्नियात मिळालेला, ‘६’ हा आकडा असलेला कॉल घेऊन माणूस फ्लोरिडात स्थायिक होतो. कॉलबुकमध्ये त्याचा घरचा पत्ता असतो आणि स्पर्धेला तो मित्राच्या डोंगरावरच्या स्टेशनात बसलेला असतो. तो तुम्हाला स्पष्ट “झीरो फाइव्ह” सांगतो, सॉफ्टवेअर तीन लिहून ठेवतं, तुम्ही “थँक यू” म्हणून पुढे जाता. रशियाचंही तसंच, देश अनेक झोनमध्ये पसरलाय.

मग स्पर्धेनंतर दुरुस्त करू? नाही करता येत. कॉलसाइन आणि एक्स्चेंज स्पर्धा संपल्यावर डेटाबेस, ध्वनिमुद्रण, ईमेल किंवा इतर कुठल्याही मार्गाने सुधारायला सीक्यू वर्ल्ड वाइडच्या नियमांत स्पष्ट मनाई आहे. हे मी सांगितलं की “इतकं कोण बघतंय” असा चेहरा होतो, म्हणून नियमाचा हवाला देतोय. त्यांच्या नियमावलीत जाऊन वाचा. लॉग म्हणजे त्या क्षणी कानाने जे घेतलं त्याची नोंद. एखादा झोन चुकला तर त्या संपर्काचे गुण गेले. कॉलसाइनच चुकलं, किंवा समोरच्याच्या लॉगमध्ये तुम्ही सापडलाच नाहीत, तर संपर्क जातोच आणि वर दंडाचे गुणही कापले जातात.

झोनची स्पर्धा तरी बरी, रोजच्या सॉफ्टवेअरमध्ये झोनचा रकाना असतो. जुलैतली आयएआरयू स्पर्धा घ्या. तिचे झोन वेगळे, आयटीयूचे. तिथे आपण २२ नव्हे तर ४१ आहोत. (भारतीय स्टेशनं तिथेही सवयीने २२ देताना ऐकू येतात.) त्यातच काही स्टेशनं आपापल्या देशाच्या राष्ट्रीय संस्थेच्या वतीने उतरतात आणि झोनऐवजी संस्थेचं संक्षिप्त नाव पाठवतात. आकड्याच्या रकान्यात अक्षरं कशी भरणार? जपानच्या संस्थेच्या ऑल एशियन स्पर्धेत ऑपरेटरचं वय सांगावं लागतं. त्याला रोजच्या लॉगमध्ये जागाच नसते, लोक ते शेऱ्यात लिहितात. सीक्यूच्याच डब्ल्यूपीएक्स स्पर्धेत प्रत्येक संपर्काला चढता क्रमांक द्यायचा आणि समोरच्याचा घ्यायचा; शिवाय मल्टिप्लायर (एकूण गुणांना ज्याने गुणायचं तो आकडा) देशांचा नसून प्रिफिक्सचा, म्हणजे कॉलसाइनच्या सुरुवातीच्या भागाचा, त्यामुळे व्हीयू२ आणि व्हीयू३ दोन्ही वेगवेगळे मोजायचे. चौतीस दिलेला असताना पस्तीस देण्याऐवजी पुन्हा चौतीस दिला की तो घोळ पुढे निस्तरत बसा.

आयोजकांना हवी असते कॅब्रिलो नावाची फाइल. तिच्या प्रत्येक ओळीत फ्रीक्वेन्सी, मोड, तारीख, वेळ, तुमचं कॉलसाइन, तुम्ही पाठवलेला अहवाल आणि एक्स्चेंज, मग समोरच्याचं कॉलसाइन, त्याने पाठवलेला अहवाल आणि एक्स्चेंज. रोजचं सॉफ्टवेअर बाहेर काढतं ती एडीआयएफ फाइल. त्यातून कॅब्रिलो बनवणारे कन्व्हर्टर आहेत, ते फाइल बिनतक्रार बनवूनही देतात. ‘पाठवलेलं एक्स्चेंज’ रिकामं असेल तर तुम्हाला विचारतात आणि सगळीकडे २२ भरतात, तेवढं ठीक. ‘आलेलं एक्स्चेंज’ मात्र रोजच्या लॉगमधल्या त्या अंदाजी झोनमधूनच उचलतात. फाइल स्वीकारली जाते, पावती येते, माणूस खूश. रचना बरोबर आहे एवढंच त्या पावतीने कळतं.

स्पर्धेचं सॉफ्टवेअर याच्या उलट्या बाजूने सुरू होतं. आधी स्पर्धा निवडायची, मग भरायच्या चौकटी त्या स्पर्धेप्रमाणे बदलतात. कॉलसाइन टाइप होतानाच हा आधी भेटलाय का, नवा मल्टिप्लायर आहे का, हे दिसतं. एंटर दाबलं की पुढचा ठरलेला संदेश आपोआप जातो आणि संपर्क त्याच क्षणी डिस्कवर लिहिला जातो. मावळात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे या शेवटच्या गोष्टीची किंमत इथे जास्तच कळते. झोनचा अंदाज हेही सॉफ्टवेअर भरतं, पण ते तुमच्या कर्सरसमोर, ऐकलेल्या आकड्याने खोडण्यासाठी. न खोडता एंटर मारत गेलात तर फुकट गेलं, तो दोष सॉफ्टवेअरचा नाही.

मग निवडायचं कसं, हा पुढचा प्रश्न, आणि त्यातला गैरसमज पैशाचा: ‘विकतचं ते चांगलं’. जगभर सर्वाधिक वापरात असलेल्यांपैकी एन१एमएम लॉगर प्लस फुकट आहे. डीएक्सलॉगही फुकट. विन-टेस्ट आणि राइटलॉग विकतची, तीही चांगली. एकटा माणूस, एक रेडिओ, पन्नास-शंभर वॉट, तारेचा अँटेना अशा स्टेशनाला विकतच्याचा खास फायदा मला तरी दिसत नाही. खरे निकष तीन: तुमच्या संगणकावर चालतं का, तुम्हाला खेळायची ती स्पर्धा त्यात आहे का, तुमच्या रेडिओशी बोलतं का. विंडोज असेल तर एन१एमएम घ्या आणि विषय संपवा. ते फक्त विंडोजवरच चालतं. मॅकवाल्यांना स्कूकमलॉगर किंवा रमलॉग, लिनक्सवाल्यांना टीएलएफ किंवा नॉटवनएमएम. ‘लिनक्सवर स्पर्धा खेळता येत नाही’ हे म्हणणं त्यामुळे निकालात निघतं.

रेडिओशी बोलण्याबद्दल. केबलने फ्रीक्वेन्सी आपोआप नोंदवली जाते, हा मोठाच फायदा, पण ती नसली म्हणून अडत नाही. आपल्याकडे अनेकांनी हैदराबादच्या अशर फरहान यांच्या आराखड्यावरचा बिटएक्स घरी बांधलाय, आणि त्याच्या जुन्या आवृत्त्यांना संगणकाची जोडणीच नाही. एन१एमएममध्ये कॉलसाइनच्या चौकटीत २१२५० लिहून एंटर मारलं की बँड बदलतो. फक्त रेडिओचा बँड बदलल्यावर इथेही बदलायचं विसरू नका. तुम्ही १५ मीटरवर असताना लॉग २० मीटर म्हणत राहिला, तर ते सगळे संपर्क समोरच्यांच्या लॉगशी जुळणार नाहीत.

वेळेचा गैरसमज खास आपला, त्या साडेपाच तासांचा. लॉग यूटीसी वेळेत ठेवायचा हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून काहीजण लॅपटॉपचं घड्याळच साडेपाच तास मागे करतात आणि टाइम झोन मात्र भारताचाच ठेवतात. सॉफ्टवेअर विंडोजकडून यूटीसी मागतं, विंडोज आणखी साडेपाच तास वजा करून देतं. अख्खा लॉग साडेपाच तास चुकीचा. आणखी मजा म्हणजे एफटी८ हा डिजिटल मोड वापरणाऱ्यांना याचा पत्ताही लागत नाही. एफटी८चं चक्र १५ सेकंदांचं, आणि साडेपाच तासांत अशी बरोबर १३२० चक्रं बसतात, म्हणून संदेश व्यवस्थित उलगडत राहतात! घड्याळाला हात लावू नका. भारतीय वेळ राहू द्या, बाकीचं सॉफ्टवेअरवर सोडा. तुम्ही एवढंच लक्षात ठेवायचं की सीक्यू वर्ल्ड वाइड आपल्याकडे शनिवारी पहाटे ५.३० ला सुरू होते आणि सोमवारी पहाटे ५.२९ ला संपते.

आता उरलेले काही गैरसमज. ‘चांगल्या सॉफ्टवेअरने स्कोअर वाढतो.’ नाही, चुका कमी होतात. स्कोअर अँटेना, जागा आणि तुमचे कान वाढवतात. बेगडेवाडीला एका हाताला लोहमार्ग, दुसऱ्या हाताला मुंबई-पुणे रस्ता, आणि ऑक्टोबरातली ही स्पर्धा अनेकदा दिवाळीच्या आगेमागे, म्हणजे गॅलरी-गॅलरीत एलईडीच्या माळा. त्यांच्या सप्लायचा गोंगाट मीटरवर दिसतो. १९२७ मध्ये याच लोकलमार्गावरच्या खडकीहून लघुलहरींवर इंग्लंडशी थेट बिनतारी सेवा सुरू झाली, तेव्हा प्रक्षेपण खडकीला आणि ग्रहण थेट दौंडला ठेवलं होतं. गोंगाट टाळायला असं दौंडला जाणं आपल्याला परवडणार नाही, पण शेजाऱ्यांशी बोलून तासभर माळ बंद ठेवायला सांगता येतं.

‘कॉल यादीत आहे म्हणजे बरोबर ऐकला.’ सॉफ्टवेअर अर्धवट कॉलवरून जुळणारे कॉल सुचवतं ती ‘सुपर चेक पार्शियल’ची यादी मागच्या स्पर्धांच्या लॉगमधून बनते. तो कॉल जगात आहे एवढंच ती सांगते, आत्ता तुम्हाला तोच बोलावतोय असं नाही.

‘दुबार संपर्क काढून टाकावेत.’ राहू द्या. दुबारला गुण नाहीत, दंडही नाही. पहिल्या वेळी त्याने तुम्हाला नीट लिहून घेतलं नसेल, तर दुसरा संपर्कच कामी येतो.

‘कोपऱ्यात दिसतो तोच माझा स्कोअर.’ तो अंदाज आहे. आयोजक सगळं पुन्हा मोजतात.

‘इंटरनेट नसेल तर सॉफ्टवेअर चालत नाही.’ चालतं. उलट इंटरनेटवरून कोण कुठे आहे याच्या सूचना घेतल्यात तर सीक्यू वर्ल्ड वाइडमध्ये तुमचा गट बदलतो.

‘लॉगबुक ऑफ द वर्ल्डवर चढवलं की स्पर्धेला गेलं.’ २००३ मध्ये सुरू झालेली ती सेवा संपर्कांच्या खातरजमेसाठी आहे. तिथून लॉग स्पर्धेच्या आयोजकांकडे जात नाही, त्यांना फाइल वेगळी पाठवावी लागते.

‘पुण्यातल्या मित्रांशी बोलून गुण जमवू.’ सीक्यू वर्ल्ड वाइडमध्ये आपल्याच देशातल्या संपर्काला शून्य गुण. देश आणि झोन पहिल्यांदा मिळण्यापुरताच त्याचा उपयोग. जपानशी एक, युरोपशी तीन.

‘कागदावर लिहिलेला लॉग चालत नाही.’ तीस-चाळीस संपर्क असतील तर खुशाल कागदावर घ्या आणि नंतर जसंच्या तसं टाइप करा. ती नक्कल आहे, दुरुस्ती नाही. रोजच्या सॉफ्टवेअरच्या अंदाजापेक्षा तुमच्या पेन्सिलीने ऐकून लिहिलेला झोन कधीही चांगला.

आणि ‘वीसच संपर्क झाले, काय पाठवायचं?’ पाठवा. तुमच्या लॉगवरून दुसऱ्यांचेही तपासले जातात. स्पर्धेत उतरायचं नसेल तर ‘चेकलॉग’ म्हणून पाठवता येतो. सीक्यू वर्ल्ड वाइडची मुदत स्पर्धा संपल्यापासून पाच दिवसांची असते, यूटीसीने शुक्रवारी मध्यरात्रीपर्यंत. म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे ५.२९, पण तोपर्यंत थांबू नका. सोमवारी झोप झाली की लगेच पाठवून टाका.