फौजा गेल्यावर काबूलच्या गाण्याचे काय झाले?

परकी फौज एखाद्या युद्धग्रस्त देशातून निघून गेली की वर्तमानपत्रे तोफा, विमाने आणि तह यांचा हिशेब मांडतात. दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या माझ्यासारख्या संगीतशिक्षकास दुसराच हिशेब सुचतो. त्या देशात गाणे शिकविणारांचे आणि शिकणारांचे पुढे काय झाले? अफगाणिस्तानाच्या बाबतीत हा प्रश्न ग्वाल्हेरकरांस मुळीच परका नाही.

काबूलचे अभिजात गाणे हे आपल्याच गाण्याचे भावंड होय. एकोणिसाव्या शतकात अमीर शेरअली खान याने हिंदुस्थानातून कलावंत नेले. जुन्या काबुलातील खराबात या वस्तीत त्यांची घरे झाली. तेथे आपलेच राग व ताल रुजले. पुढे त्याच वस्तीतले उस्ताद सराहंग पतियाळा घराण्याच्या आशिक अली खाँ यांच्याकडे शिकून गेले. उलट आपला सरोद अफगाण रबाबापासून निघाला असे मानतात. शिंदे सरकारच्या दरबारी सरोद वाजविणारे हाफीज अली खाँ यांचे पूर्वजही अफगाण मुलखातून आले होते.

या देशातून चाळीस वर्षांच्या आत दोन बलाढ्य फौजा परतल्या. १५ फेब्रुवारी १९८९ रोजी शेवटचे सोव्हिएत सैनिक अमुदर्या ओलांडून गेले. नजीबुल्लांचे सरकार आठवड्यात कोसळेल असे पुष्कळांस वाटले होते. ते तीन वर्षे टिकले. कारण फौज गेली तरी मॉस्कोहून पैसा, धान्य, इंधन येतच होते. सोव्हिएत संघच मोडला, रसद आटली आणि एप्रिल १९९२ मध्ये नजीबुल्ला पायउतार झाले. मग बंडखोर टोळ्या आपसांत लढल्या आणि त्यांच्या तोफांनी खराबात वस्ती जमीनदोस्त केली. कलावंत पेशावरास पळाले. १९९६ साली तालिबान काबुलात आले, तेव्हा उरलेसुरले गाणेही बंद झाले.

अमेरिकेच्या वेळी उलटे घडले. फेब्रुवारी २०२० मध्ये दोहा येथे तालिबानशी करार झाला. काबूलच्या सरकारला त्यात स्थान नव्हते. त्या सरकारच्या खर्चाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग परदेशी मदतीतून येई, आणि त्याची लढाऊ विमाने दुरुस्त ठेवणारे कंत्राटदारही फौजेबरोबरच परतले. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले. शेवटचा अमेरिकन सैनिक ३० ऑगस्टला निघाला. घरमालक बाहेर पडण्यापूर्वीच घर बसले! हेही सांगितले पाहिजे की खेड्यापाड्यांतून रात्रीच्या धाडी व बाँबफेक थांबली, त्याचा तेथील गरिबांस दिलासाच वाटला. परकी फौज ही काही गाण्याची रखवाली करण्यासाठी आलेली नव्हती.

तरीही तिच्या सावलीत एक चांगले काम उभे राहिले होते. डॉ. अहमद सरमस्त यांनी २०१० मध्ये काबुलात राष्ट्रीय संगीत विद्यालय काढले. मुले-मुली एकत्र शिकत. अनाथ मुलांनाही तेथे जागा असे. ‘जोहरा’ नावाचा केवळ मुलींचा वाद्यवृंद देशोदेशी वाजवून आला. २०१४ साली एका आत्मघातकी स्फोटात सरमस्त स्वतः जबर जखमी झाले, तरी शाळा चालली. २०२१ मध्ये मात्र तिला देश सोडावा लागला. विद्यार्थी, शिक्षक व नातलग मिळून २७३ जणांनी पोर्तुगालचा आसरा घेतला. ज्यांना जाता आले नाही त्यांनी वाद्ये लपविली किंवा स्वतःच मोडली. अंदराब खोऱ्यातील लोकगायक फवाद अंदराबी यांस त्याच ऑगस्टात गोळी घातली गेली. २०२३ मध्ये हेरातेत जप्त केलेली वाद्ये जाळण्यात आली.

आश्रय तुटणे म्हणजे काय हे आपल्या घरांनाही ठाऊक आहे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि दरबारी नेमणुकांचा काळ सरला. परंतु शंकर गांधर्व महाविद्यालय १९१४ पासून आणि माधव संगीत महाविद्यालय १९१८ पासून येथे उभे होते. दरबार गेला तरी वर्ग सुटला नाही. शिवाय आमच्या दारी तंबोरा फोडायला कोणी बंदूक घेऊन आले नाही. हे दुसरे भाग्य आपण सहसा मोजीत नाही.

काबूलच्या विद्यालयास अवघी अकरा वर्षे मिळाली. आज परमुलखात ती मुले वाजवितात खरी, पण गाणे ज्या गल्लीत जन्मते तेथे ते ऐकणारा कान उरला नाही, तर पुढची पिढी कोणापाशी बसणार? येथे आपल्या हाती थोडे तरी आहे. तानसेन समारोहात एखाद्या निर्वासित रबाबियास मानाने बोलवावे, आणि आपल्या विद्यालयांनी त्यास महिना-दोन महिने शिकवावयास ठेवून घ्यावे. शेरअली खानाने आपल्याकडून नेलेल्या विद्येची एवढी परतफेड तरी आपण करवून घ्यावी. म्हणजे ती विद्या एका घरी बंद झाली तरी दुसऱ्या घरी चालू राहील.